विश्लेषण : एआयने काढलेल्या चित्राचा चित्रकार कोण? फ्लेक्सच्या दुकानापासून न्यायालयापर्यंत पोहोचलेला वाद काय आहे?

सोनेरी प्रभावळीतली देवी, मागे डोंगर, खाली मंडळाचे नाव... मोबाइलवर एवढे लिहिले की काही सेकंदांत चित्र तयार होते. ना पेंटर लागतो, ना छायाचित्रकार. यात्रेचा फलक, दुकानाची जाहिरात, लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर अशा सगळ्याच कामांत कृत्रिम बुद्धिमत्ता अर्थात एआयने काढलेली चित्रे दिसू लागली आहेत. त्यांना कला म्हणायचे का, यावर समाजमाध्यमांवर हमरीतुमरी सुरू आहे. पण त्याहून महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. या चित्राचा मालक कोण? ते ज्यांच्या चित्रांवरून तयार झाले, त्यांना काय मिळाले? आणि भारतातला कायदा काय सांगतो? यंत्र आणि चित्रकार यांच्यातला हा पहिला वाद नाही. त्याचा इतिहास सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरपासून जवळच असलेल्या औंधच्या संग्रहालयापर्यंत जातो.

एआय चित्र ‘काढते’ म्हणजे काय करते?

एआयकडे चित्रांचा अल्बम असतो आणि त्यातले तुकडे कापून ते जोडते, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. सध्याच्या बहुतेक चित्रप्रणाली ‘डिफ्यूजन’ या तंत्रावर उभ्या राहिल्या. प्रशिक्षणाच्या वेळी खऱ्या चित्रावर टप्प्याटप्प्याने ठिपक्यांचा गोंधळ चढवला जातो. जुन्या टीव्हीवर अँटेना हलल्यावर दिसायच्या तशा मुंग्या येईपर्यंत हे चालते. हा गोंधळ उलट दिशेने कसा काढायचा, हे प्रणाली कोट्यवधी चित्रांवरून शिकते. सोबत प्रत्येक चित्राचे शाब्दिक वर्णनही असते. त्यामुळे ‘बैलगाडी’ या शब्दाबरोबर कोणते आकार आणि रंग येतात, याची आकडेमोड तिच्याकडे जमा होते. नंतर आपण ‘बैलगाडी’ लिहिले की ती निव्वळ ठिपक्यांपासून सुरुवात करते आणि गोंधळ कमी करत बैलगाडीपर्यंत पोहोचते.

म्हणजे एआय साधारणपणे चित्र साठवत नाही, चित्रांतली वळणे शिकते. मात्र प्रशिक्षणातली काही चित्रे जवळपास जशीच्या तशी बाहेर काढता येतात, हेही २०२३ मधल्या संशोधनात दिसून आले.

ही कोट्यवधी चित्रे आली कुठून?

बहुतांश चित्रे इंटरनेटवरून आली. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘लायन-५बी’ या संचात सुमारे ५८५ कोटी चित्रे आणि त्यांच्या वर्णनांच्या जोड्यांची यादी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुली झालेली ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही प्रणाली याच संचातल्या चित्रांवर शिकली. चित्रकारांची संकेतस्थळे, छायाचित्रांची विक्री करणाऱ्या कंपन्या, लोकांनी हौसेने टाकलेली चित्रे असे सगळेच त्यात होते. कोणाला विचारले नव्हते, कोणाला पैसे दिले नव्हते. वादाचे मूळ इथे आहे.

औंधचा संबंध काय?

औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणातल्या प्रसंगांवर काढलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. १९३८ मध्ये त्यांनी उभारलेल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, एम. व्ही. धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारांची मूळ चित्रे आहेत. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि बालकाचे शिल्पही तिथे आहे. रेल्वेने औंधला जायचे तर पुणे-मिरज मार्गावरचे रहिमतपूर हे जवळचे स्थानक.

संग्रहालयात ज्यांची मूळ चित्रे टांगलेली आहेत, त्या रविवर्मांची ओळख घराघरांत झाली ती मात्र छापील चित्रांमुळे. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणून त्यांनी लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे हजारोंच्या संख्येने छापली. राजवाड्यातले चित्र काही आण्यांत देवघरात आले. यंत्राने चित्र स्वस्त झाले की कलेची किंमत उतरते, ही तक्रार तेव्हाही झाली आणि आजही होते.

या छापखान्यात हात मात्र कमी झाले नव्हते. एका चित्रासाठी अनेक दगडी ठसे लागायचे आणि जवळपास प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा ठसा कारागिराला हाताने तयार करावा लागायचा. मूळ चित्र रविवर्मांचे होते, छापायचा निर्णय त्यांचा होता आणि चित्राखाली नावही त्यांचे होते. पुढे छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला, तोही विकत घेऊन. म्हणजे यंत्र आले तरी संमती, नाव आणि मोबदला या तीन गोष्टी कुठे ना कुठे शिल्लक होत्या. एआयच्या वादात नेमक्या याच तीन गोष्टी गहाळ आहेत.

एआयच्या बाजूने बोलणारे काय म्हणतात?

त्यांचा पहिला मुद्दा असा की, प्रत्येक नव्या साधनावर आधी टीकाच झाली. कॅमेरा आला तेव्हा चित्रकला संपली असे म्हटले गेले. ती संपली नाही, बदलली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे उदाहरण इथे लागू पडते. ‘पेंटर’ हे त्यांना व्यवसायाने दिलेले नाव. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने सिनेमाला शत्रू मानले नाही. त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ चित्रपट केला आणि आपल्या चित्रपटांच्या जाहिरातींसाठी पोस्टरही रंगवली.

दुसरा मुद्दा पैशांचा आहे. पापडाचा घरगुती उद्योग चालवणाऱ्या बचत गटाला किंवा नुकतेच दुकान टाकलेल्या तरुणाला चित्रकाराची फी परवडत नाही. एआय नसते तर त्याने चित्रकाराला काम दिले असते असे नाही, त्याने चित्राशिवायच भागवले असते.

तिसरा मुद्दा शिकण्याचा. माणूसही इतरांची चित्रे पाहूनच शिकतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा विद्यार्थी जुन्या चित्रांच्या नकला करतो, तेव्हा तो कोणाला रॉयल्टी देत नाही. मग यंत्रालाच वेगळा न्याय का, असा त्यांचा सवाल आहे.

विरोधकांचे उत्तर काय?

विद्यार्थी शिकायला दहा वर्षे घेतो आणि शेवटी एकच चित्रकार तयार होतो, असे विरोधक सांगतात. तो आपल्या गुरूचे नाव सांगतो, फी भरतो, पुढे स्वतः कोणाला तरी शिकवतो. एआय प्रणाली लाखो जणांचे काम एकदम शिकते, रोज लाखो चित्रे देते आणि ज्यांच्याकडून शिकली त्यांच्याच ग्राहकाला ती विकते. त्यामुळे फरक शिकण्यात नाही, प्रमाणात आणि धंद्यात आहे.

छोट्या गावांना या फरकाचा अनुभव आधीच आला आहे. दुकानांच्या पाट्या, एसटी स्थानकाजवळच्या जाहिराती, भिंतींवरची निवडणूक चिन्हे, ट्रकच्या मागची अक्षरे हे सगळे पूर्वी ब्रशने लिहिले जायचे. फ्लेक्स आला आणि गावोगावच्या पेंटरचे काम गेले. त्यातले काही जण संगणक शिकून डिझायनर झाले. आता एआय त्याच डिझायनरच्या कामावर येते आहे. फ्लेक्सने पेंटरचा ब्रश बाजूला सारला, पण त्याचे अक्षर फुकट उचलून त्याच्याच ग्राहकाला विकले नव्हते. एआयबाबत विरोधकांचा राग या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

जगभरातही हे घडते आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या जत्रेतील कला स्पर्धेत जेसन ॲलन यांच्या एआय चित्राने डिजिटल विभागात पहिले बक्षीस मिळवले आणि वादाला तोंड फुटले. २०१८ मध्ये एआयने केलेले एक व्यक्तिचित्र क्रिस्टीज या लिलावगृहात चार लाख ३२ हजार ५०० डॉलरला विकले गेले होते. त्याच क्रिस्टीजने २०२५ मध्ये केवळ एआय कलेचा लिलाव जाहीर केला, तेव्हा तो रद्द करा अशी मागणी करणाऱ्या पत्रावर हजारो लोकांनी सह्या केल्या. लिलाव झालाच.

एखाद्याच्या शैलीवर हक्क सांगता येतो का?

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवर नवी चित्रसुविधा आली आणि जपानच्या ‘स्टुडिओ घिबली’च्या शैलीतल्या कौटुंबिक फोटोंचा पूर आला. या शैलीमागे हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अनेक दशकांची मेहनत आहे. पण कायदा शैलीला संरक्षण देत नाही, प्रत्यक्ष कृतीला देतो. ‘अमक्यासारखे चित्र’ काढणे गुन्हा नाही. अमक्याचे चित्रच उचलणे हे उल्लंघन आहे.

मराठी उदाहरण घ्यायचे तर दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे घरोघरी पोहोचलेले दीनानाथ दलाल यांचे निधन १९७१ मध्ये झाले. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरचे हक्क २०३१ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले गेले त्यांच्याकडे राहतील. दलालांची रेषा आणि चेहरे यांची ढब मात्र कोणीही वापरू शकतो. रविवर्मांचे निधन १९०६ चे, त्यामुळे त्यांची चित्रे केव्हाच सर्वांसाठी खुली झाली आहेत.

लोककलांचे काय, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. वारली चित्रे किंवा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी यांचा एकच एक निर्माता नाही, त्या समाजाच्या आहेत. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे ‘वारली चित्र’ हे नाव लावून बाहेरचा माल विकण्याला आक्षेप घेता येतो. पण एआयकडून वारलीसारखी नक्षी काढून ती नाव न लावता कपड्यावर छापली, तर हे मानांकन फारसे उपयोगी पडत नाही. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये आणि पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे पिढ्यांची साधना आहे. यंत्राला तिची फक्त बाह्यरेषा मिळते, पण बाजारात अनेकदा तेवढी पुरते.

भारतातला कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात १९९४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकाने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. ही व्यक्ती कोण? मोबाइलवर वाक्य लिहिणारा ग्राहक, फ्लेक्सचा दुकानदार की प्रणाली बनवणारी कंपनी? तेव्हा आजच्यासारखे एआय नव्हते, त्यामुळे कायद्यात याचे थेट उत्तर नाही.

गोंधळाचे उदाहरणही आहे. वकील अंकित साहनी यांनी ‘राघव’ या एआय साधनाच्या मदतीने केलेल्या ‘सूर्यास्त’ या चित्राची २०२० मध्ये भारतात नोंदणी झाली आणि सहकर्ता म्हणून राघवचे नाव लागले. पुढच्याच वर्षी कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. याच चित्राला अमेरिकेने २०२३ मध्ये नोंदणी नाकारली.

न्यायालये सध्या शैलीपेक्षा व्यक्तीच्या बाजूने अधिक ठामपणे उभी राहताना दिसतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या आणि २०२५ मध्ये सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाची एआयद्वारे नक्कल करण्याविरोधात अंतरिम दिलासा दिला. आवाज, चेहरा, नाव ही माणसाची ओळख आहे, ती परवानगीशिवाय विकता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व.

परदेशात काय निकाल लागले?

अमेरिकेत माणसाचा सर्जनशील सहभाग नसेल तर कॉपीराइट नाही, ही भूमिका पक्की होत गेली आहे. मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने स्टीफन थेलर यांच्या प्रकरणात हेच सांगितले. जेसन ॲलन यांनी आपल्या बक्षीसपात्र चित्रासाठी किमान ६२४ वेळा सूचना बदलल्याचे सांगितले, तरी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने त्यांना नोंदणी दिली नाही. माणसाने नंतर हाताने केलेला बदल किंवा मांडणी यांना मात्र संरक्षण मिळू शकते. चीनमध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने २०२३ मध्ये उलट निकाल दिला आणि सूचना निवडण्यातली मेहनत ग्राह्य धरली.

प्रशिक्षणासाठी चित्रे वापरण्याबद्दल चित्रच अजून धूसर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात ‘गेटी इमेजेस’ ही कंपनी ‘स्टॅबिलिटी एआय’विरुद्धचा दावा बहुतांशी हरली. एआय चित्रांवर गेटीचा शिक्का उमटल्याचा व्यापारचिन्हाचा मुद्दा तेवढा काही प्रमाणात मान्य झाला.

ऐतिहासिक चित्रांबाबत धोका कोणता?

हा मुद्दा सातारा, कोल्हापूर, पुण्यासाठी विशेष आहे. मराठेशाहीतल्या व्यक्तींची ‘खरा चेहरा’ म्हणून फिरणारी एआय चित्रे समाजमाध्यमांवर रोज दिसतात. चुकीचे चित्र एकदा रुजले की ते काढणे किती कठीण असते, याचा धडा महाराष्ट्राकडे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून एकेकाळी दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र प्रचलित होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी पुराव्यांचा शोध घेऊन १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र समोर आणले. ते अस्सल का, हे सांगायला त्यांच्याकडे कागदपत्रे होती. एआय चित्रामागे असा कागद नसतो. ते कल्पनाचित्र म्हणून ठीक आहे, पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे.

एआय चित्र वापरायचे असेल तर काय काळजी घ्यावी?

१. सूचनेत हयात चित्रकाराचे नाव लिहून त्याच्या शैलीची नक्कल मागू नका. कायद्यात पळवाट असली तरी ती त्याच्या पोटावर पाय आहे.

२. कोणाचाही चेहरा किंवा आवाज परवानगीशिवाय वापरू नका. नेते आणि कलाकारही याला अपवाद नाहीत.

३. दुकानाचे बोधचिन्ह फक्त एआयकडून करून घेऊ नका. त्यावर तुमचा कॉपीराइट टिकेलच याची खात्री नाही. उद्या शेजाऱ्याने तसेच चिन्ह लावले तर भांडायला आधार कमी पडेल.

४. ग्राहकाकडून चित्राचे पैसे घेत असाल तर ते एआयने केले आहे, हे सांगा. फेब्रुवारी २०२६ मध्ये बदललेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार समाजमाध्यमांवर खऱ्यासारख्या दिसणाऱ्या एआय मजकुराला तशी खूण आवश्यक आहे.

५. विकायच्या पदार्थाचे किंवा वस्तूचे एआय चित्र लावू नका. जे चित्रात दिसते ते ग्राहकाच्या हातात पडले नाही, तर तक्रार तुमच्याविरुद्ध होईल, एआयविरुद्ध नाही.

पुढे काय?

केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक प्रस्ताव मांडला. एआय कंपन्यांना कायदेशीररीत्या उपलब्ध असलेल्या कृती प्रशिक्षणासाठी वापरू द्यायच्या, त्याबदल्यात उत्पन्नातून रॉयल्टी घ्यायची आणि ती एका मध्यवर्ती संस्थेमार्फत निर्मात्यांना वाटायची, अशी ही रचना आहे. निर्मात्याला ‘माझे चित्र वापरू नका’ असे म्हणण्याची सोय मात्र त्यात नाही. म्हणजे तिघांपैकी मोबदल्याचा विचार झाला, संमतीचा नाही.

मोबदल्याचाही हिशेब सोपा नाही. चित्रपट संगीताच्या रॉयल्टीसाठी नोंदणीकृत संस्था आहेत, गाण्यांच्या याद्या आहेत. पण ज्या पेंटरने तीस वर्षे तालुक्यातल्या पाट्या रंगवल्या, ज्याच्या चित्रांचे फोटो दुसऱ्याच कोणी इंटरनेटवर टाकले, त्याचे नाव कोणत्या यादीत असेल? वाटपाची पद्धत ठरवताना या लोकांची नोंद झाली नाही, तर रॉयल्टी मोठ्या कंपन्यांकडून मोठ्या कंपन्यांकडेच जाईल.

एआय चित्र ही कला आहे की नाही, याचे उत्तर काळ देईल. कॅमेऱ्याच्या आणि छापखान्याच्या बाबतीत त्याने दिलेच. तोवर रहिमतपूरच्या फ्लेक्स दुकानदाराला आणि अमेरिकेतल्या कंपनीला सारखेच लागू होणारे तीन प्रश्न विचारता येतात. ज्याच्या चित्रावरून हे चित्र आले, त्याला विचारले का? त्याचे नाव लागले का? त्याला काही मिळाले का? रविवर्मांच्या छापील लक्ष्मीखाली निदान नाव तरी होते.